तीन पायांची घोडी

आमच्या घरात पैसा आला तो दारातून आला नाही, छप्पर फाडून आला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात गोरे लोक आपसांत लढत होते, त्यांचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून विलायतेला एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. ही भानगड मला पुष्कळ वर्षांनी समजली. त्या वेळी माझ्या बाची पक्की खात्री होती की हे सगळे त्याच्या एकट्याच्या अकलेमुळे घडून येत आहे, आणि घरात दुसरे मत असण्याची पद्धत नव्हती. अमरावतीहून भिंतीवरचे घड्याळ आले. ते वाचता कुणालाच येत नव्हते, पण ते ठोके देऊ लागले की बा मान डोलावी, जणू ठोके त्याच्या परवानगीने पडत होते. काचेच्या हंड्या आल्या. त्या आढ्याला टांगल्या आणि चिमण्यांनी त्यात ताबडतोब घरटी केली. बैलांच्या शिंगांना पितळी टोपणे बसली. आमचा थोरला बैल त्यामुळे इतका चिडका झाला की त्याच्याजवळ जाऊन ती टोपणे पाहण्याची हिंमत पुढे कुणी केली नाही.

पहाट व्हायच्या आधीच आमच्या ओसरीवर रेचे सुरू होत. सरकी काढणाऱ्या बाया रांगेने बसत, आणि लाकडाच्या त्या रुळांची कुरकुर दिवसभर चाले, ओल्या चपला घालून शंभर म्हातारे घरभर फिरत आहेत अशी. कापसाचे तंतू भातात, डोळ्यांत, देवाच्या नाकात. आणि ज्वारीची भाकर आमच्या घरातून हद्दपार झाली. कापसाचा धनी भाकर खातो हे बाला शोभत नव्हते, म्हणून रोज गव्हाची पोळी, आणि वार कोणताही असो, तिच्यात पुरण. बाचे पोट काही श्रीमंत झालेले नव्हते. ते रात्रभर तक्रार करी. माय मात्र मागच्या पडवीत चूल पेटवून स्वतःपुरती भाकर थापी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा रगडी. त्या वासावर बा हमखास तिथे येई. "काय करून राह्यली व?" असे विचारी, इकडेतिकडे पाही आणि उभ्याउभ्याच अर्धी भाकर संपवून, तोंड पुसून, पुन्हा श्रीमंत होऊन बाहेर जाई.

मला या कापसात काही गती नाही हे सगळ्यांत आधी दौलतमामाच्या लक्षात आले. मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ. तो अमरावतीला कापसाचा दलाल होता, आणि मला मिसरूड फुटताच धंदा शिकायला मला त्याच्याकडे पाठवले होते. तिथे भाव बोलून ठरत नसे. दोन माणसे एका फडक्याखाली हात घालीत, एकमेकांची बोटे दाबीत आणि तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा मारीत. मामा मला शेजारी बसवून माझी बोटे दाबी आणि विचारी, "सांग, किती?" मला भाव कधीच कळला नाही. त्याच्या अंगठ्याचे जाड पेर, वाकडी करंगळी, फडक्याखाली हात हलला की त्यावर उमटणाऱ्या सुरकुत्या, एवढेच मला दिसे. संध्याकाळी मी कोळशाने सरकीच्या पोत्यांवर तेच हात काढीत बसे. मायने नागपंचमीला भिंतीवर नाग काढायला मला लहानपणीच लावले होते. ती खोड कापसाने गेली नाही.

अशाच एका सकाळी अमरावतीच्या परकोटाबाहेर मला तो साहेब दिसला. कुठल्या कचेरीतला होता कोण जाणे. वेशीसमोर एक तीन पायांचे लाकडी मांडण उभे करून, त्यावर फळी टेकवून, तो वेशीचे चित्र रंगवीत होता. मी त्याच्या मागे उभा राहिलो. वेशीतून त्या वेळी गाड्या, हमाल, उंट, फकीर, भाजीवाल्या अशी सगळी दुनिया धक्काबुक्की करीत आत शिरत होती. साहेबाच्या चित्रात त्यातले कुणीच नव्हते. वेस होती, आभाळ होते आणि एक बकरी होती. आमच्या शहरातून त्याला तेवढी बकरीच पसंत पडली असावी. पण मी चित्र फारसे पाहिलेच नाही, मी ते मांडण पाहत राहिलो. पुढचे दोन पाय आणि मागचा एक, तिन्ही वर एका खिळीत अडकवलेले. मिटले की काठीसारखे काखेत मारता येणारे. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आजवर मी चित्र काढायचो ते जिथे भिंत असेल तिथे. आता भिंतच सोबत नेता येणार होती. साहेबाच्या चपराशाने मला हाकलले तोवर माझे सगळे पाहून झाले होते.

लवकरच मामा मला घेऊन आमच्या गावी आला. आमचे गाव अकोल्यापासून जवळच, मोर्णेच्या काठी. ओसरीवर बसून त्याने बाला निकाल सांगितला. "हा पोट्टा कापसाचा नाई, भाऊजी. याले बोटं दाबली तं गुदगुल्या होतात."

"मंग कायचा हाय?" बाने विचारले.

यावर मामाने पान तोंडात घातले. उत्तर माझ्याकडे होते, ते मला कुणी विचारले नाही.

मी घोडी करायला घेतली. त्या मांडणाला दुसरे नाव मला सुचले नाही. सुताराची असते तशी ही चित्राची घोडी. सुतार मात्र हाताला लागेना. गावातल्या प्रत्येकाला नक्षीची रेंगी गाडी हवी होती, आणि जो सुतार पूर्वी ज्वारीच्या पायलीसाठी आमच्या ओट्यावर बसून राही, तो आता पान खाऊन मगच बोले. म्हणून मीच बसलो. पुढचे दोन पाय मोडक्या बाजेच्या लांब दांड्यांचे, मागचा बांबूचा. वर अडकवायला जुन्या जुवाची शिवळ, म्हणजे बैलाच्या मानेशी असते ती लाकडी खुंटी. फळीच्या जागी पाहुण्यांना जेवायला बसवायचा पाट. पहिल्यांदा उभी केली तेव्हा घोडीने तिन्ही पाय तीन दिशांना फाकले आणि ती बाळंतिणीसारखी आडवी झाली. मग पायांना आतून सुती दोर बांधला, म्हणजे ते ठरल्यापेक्षा जास्त फाकेनात. काळ्या मातीत पाय रुतत, म्हणून प्रत्येकाखाली छपराच्या कवेलूचा तुकडा. आमच्याकडचा वारा उघड्या वावरातून येतो आणि वाटेत त्याला कुणी अडवीत नाही, म्हणून मध्ये शिवळीला पाण्याने भरलेला लोटा टांगला. त्याच्या वजनाने घोडी जमिनीला धरून राही, आणि तहान लागली तर पाणीही तिथेच. रंग म्हणजे गेरू, हळद, नीळ, काजळ आणि बाभळीचा डिंक. कागद मामाच्या दुकानातले, कापसाचे नमुने बांधायचे, खरबरीत. आता माझा नातू मुंबईहून पेटीतली घोडी मागवतो, तिला पितळी स्क्रू आहेत. ती घेऊन तो अकोल्यात जठारपेठेच्या पलीकडेही जात नाही, ऊन लागते म्हणतो.

घोडी काखेत, पाट पाठीवर, लोटा हातात, असा मी पहिल्या दिवशी गावाबाहेर पडलो तेव्हा लोक हसतील अशी माझी तयारी होती. कुणी हसले नाही. उलट वाटेतली माणसे बाजूला झाली. मी नदीकाठच्या वावराजवळ घोडी उभी केली, पाटावर कागद लावला, एक डोळा मिटून समोर काडी धरली आणि झाडाची उंची घेऊ लागलो. थोड्या वेळाने मागे पाहिले तर त्या वावराचा धनी पागोटे सावरीत उभा. त्याने मला 'जी' म्हटले. मला जन्मात कुणी 'जी' म्हटले नव्हते.

"आमचं वावर यात येते का जी?" त्याने कागदाकडे बोट करून विचारले.

"येते ना," मी म्हटले. समोरच होते, चित्रात न येऊन कुठे जाणार.

तो पांढरा पडला आणि घरून ताकाचा गडू घेऊन आला.

मला उलगडा व्हायला वेळ लागला. त्या हंगामात आमच्या भागात रेलच्या मोजणीची माणसे फिरत होती. तीन पायांवर पितळेची दुर्बीण ठेवून, एक डोळा मिटून, ती पाहत आणि जिथे पाहत तिथे मेखा ठोकीत. तीन पाय आणि एक मिटलेला डोळा एवढ्यावर गावाने मला ओळखले. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितले की हे चित्र काढायचे आहे, मोजणीचे नाही. बाने ते मनावर घेतले नाही. आपला मुलगा चित्रे काढतो यापेक्षा आपला मुलगा जमिनी मोजतो हे त्याला केव्हाही ऐकायला बरे वाटत होते. लोक ओट्यावर येऊन त्याला विचारू लागले, तो मिशीवर हात फिरवून "पाहू, पाहू" म्हणू लागला. माझ्या ताटात माझ्या वाटणीचे तूप प्रथमच मला मागावे लागले नाही.

मामा पुन्हा आला तेव्हा हे पाहून त्याचा चेहरा उजळला. फडक्याखालचा भाव मला कधी कळला नव्हता, पण त्या दिवशी मामाच्या चेहऱ्यावरचा मात्र कळायला हवा होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, तुह्या हातात कला हाय. सोनाजीच्या वाडीचं एक चित्र काढ ना तुह्या बासाठी. त्याले ते वाडी लय आवडते."

बाला ती वाडी आवडत होती हे खरे. सोनाजी आणि भागाबाई हे माळी जोडपे. त्यांची भाजीची वाडी अगदी अकोल्याच्या रस्त्याला लागून होती. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधावर पेरूची झाडे, एका कोपऱ्यात झेंडू, आणि मध्ये उन्हाळ्यातही न आटणारी विहीर. बाला तिथे कापसाचे गोदाम बांधायचे होते. त्याने दोनदा विचारले होते. सोनाजी बोलत नसे. त्याने दोन्ही वेळा मान हलवली होती. भागाबाई बोलत असे, आणि तिने काय उत्तर दिले ते बाने घरी येऊन सांगितले नाही.

मी वाडीसमोर घोडी लावली. सकाळचे ऊन पेरूच्या पानांवर होते, मोट चालू होती, आणि विहिरीचे चाक आमच्या रेच्यांपेक्षा गोड कुरकुरत होते. मी दोन दिवस रमून गेलो. भागाबाई वाफ्यातून माझ्याकडे पाही आणि तोंड फिरवी. मला वाटले, तिला लाज वाटते. तिसऱ्या सकाळी ती टोपलीत पेरू घेऊन आली, टोपली घोडीच्या पायाशी ठेवली आणि उभी राहिली. दांडगी बाई, कमरेला विळा. तिचा आवाज मात्र त्या दिवशी खाली होता.

"विहीर तेवढी वाचते का पाह्य ना, बाप्पू. रेल इकडून चार हात सरकली तं तुह्या साहेबाचं काय जाईन?"

"कोणती रेल, भागामावशी?"

"आता तूही मले येडं बनव. तुह्या मामानं सांगतलं ना आमाले. वाडीतून रेल जाऊन राह्यली, सरकार फुकटात घेईन. त्याआधी तुह्या बाले देऊन टाका, तो कचेरीत पाहून घेईन म्हणे. आज पंचाईसमोर आंगठा द्याचा हाय." तिने पदराने नाक पुसले. "आमचं ठीक हाय, आमी कुठंबी खुरपू. पण यानं काल रातच्यापासून अन्न नाई घेतलं." तिने विहिरीकडे मान वळवली. सोनाजी मोटेच्या दोराला धरून उभा होता आणि बैल कधीचेच थांबले होते.

माझ्या हातातली काडी गळून पडली. पुस्तकात असे वाचले की मी हसतो, पण ती खरोखरच गळाली, आणि मी ती शोधत मातीत बसलो, कारण मला तिच्याकडे पाहवत नव्हते. मग उठलो, पाट घोडीवरून उतरवला आणि तिच्याकडे फिरवून धरला.

भागाबाईने पुष्कळ वेळ पाहिले. "हे तं आमची वाडी होय," ती म्हणाली. मग आणखी जवळ आली. "हे काय हाय?"

"वांगी."

"हे वांगे होय? ढोराचे खूर दिसून राह्यले." आणि मग तिच्या ध्यानात आले. "मंग मोजणी कुठी हाय यात?"

"मोजणी नाहीच, मावशी. मी चित्रं काढतो. एवढंच करतो."

तेवढ्यात रस्त्यावरून बा, मामा आणि गावची चार जाणती माणसे आली. त्यांच्या मागे अर्धे गाव, कारण दुसऱ्याची जमीन जाताना पाहायला आमच्या गावाला नेहमीच सवड असे. मी सगळ्यांसमोर सांगितले की रेल इथून जाते की नाही हे मला ठाऊक नाही, मामालाही ठाऊक नाही, आणि हा चित्राचा कागद आहे. मामा मुळीच गडबडला नाही. तो जाणत्यांकडे वळून हसला. "पोट्टा हाय. साहेबानं त्याले बोलाची मनाई केली हाय. नकाशा असाच असते, झाडंबिडं सगळं दाखवा लागते." जाणत्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी कुणी नकाशा पाहिलेला नव्हता, म्हणून मामाचे म्हणणे त्यांना लगेच पटले. मग मामा माझ्या कानाशी आला. "जावई व्हाचं हाय ना तुले माह्या घरचा? मंग तोंड मिट."

मामाची मुलगी मला द्यायची हे आम्हां दोघांना चालता येण्याआधीच ठरले होते. अमरावतीत मी तिला दारामागून पुष्कळदा पाहिले होते. ती कोयरीच्या रांगोळ्या काढी आणि मी पाहत आहे हे कळले की एखादी कोयरी मुद्दाम मोठी काढी. एवढाच आमचा संसार. मी त्या क्षणी तिचाच विचार करीत होतो असे लिहिले तर चांगले दिसेल. खरे म्हणजे मी मामाचे नाक पाहत होतो. ते माझ्या इतके जवळ होते, आणि रागाने त्याच्या नाकपुड्या अशा फुगल्या होत्या की हात शिवशिवले.

मी तोंड मिटले. वाडीचा कागद काढून भागाबाईच्या हातात दिला, पाटावर नवा कागद लावला, घोडीचे तोंड मामाकडे फिरवले आणि कोळसा घेतला. मामाला वाटले मी ऐकले. तो जाणत्यांना पुन्हा रेल समजावून सांगू लागला. तो बोलत होता आणि मी काढीत होतो. ते मुरडलेले पागोटे, पानाने फुगलेला डावा गाल, दुहेरी हनुवटी, एक भुवई वर आणि एक खाली, आणि मध्ये ते नाक. लोक पहिल्यांदा मामाकडे पाहत होते. मग एकेक जण माझ्या मागे सरकू लागला. मामासमोरची जागा रिकामी होत गेली, माझ्या मागची गर्दी वाढली, आणि आधी एक बाई तोंडावर पदर दाबून फिसकली, मग सगळेच हसले. जाणत्यांपैकी एक म्हातारा, ज्याला जवळचे दिसत नसे, कागदाला नाक लावून म्हणाला, "हा तं दौलतराव होय. रेल कुठी हाय यात?"

बस, एवढेच. जे यंत्र माणसाचे नाक काढते ते जमीन मोजीत नसते, हे सगळ्या गावाला एका दमात कळले. भागाबाईने विळा कमरेला नीट खोचला, मामासमोर जाऊन उभी राहिली आणि आपल्या मूळच्या आवाजात बोलली. ती काय बोलली ते बाने तिच्या आधीच्या उत्तरासारखेच कधी घरी सांगितले नाही, आणि मीही इथे लिहीत नाही. माझी नातसून हे वाचणार आहे. सोनाजीने बैलांना हाक घातली आणि मोट पुन्हा सुरू केली.

मामा त्याच दुपारी न जेवता अमरावतीला गेला. त्याची मुलगी पुढे नागपूरकडे कुणाला तरी दिली. ती कशी आहे हे विचारायची मला कधी सोय राहिली नाही, आणि रांगोळीतली कोयरी मला अजून धड पाहवत नाही. एवढे सोडले तर माझे काही नुकसान झाले नाही. रेल आली ती पुढे रीतसर आली, पण आमच्या गावापासून इतकी लांबून की तिची नुसती शिट्टी ऐकायला लोक टेकाडावर जात. पलीकडच्या मुलखातली लढाई थांबली, विलायतेला पुन्हा आमचा विसर पडला, हंड्या विकल्या गेल्या आणि चिमण्यांना नवी सोय पाहावी लागली.

पण त्या दिवसाचे सांगायचे ते राहिलेच. घरी येताच बाने माझ्या हातातून घोडी ओढली, गुडघ्यावर तिचे पाय एकेक करून मोडले आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातले. मला मारले नाही. मारले असते तर बरे, असे मला वाटले. त्या आठवड्यात तो माझ्याशी बोलला नाही, आणि ओट्यावरही बसला नाही, कारण समोरून जाणारा प्रत्येक जण जरा सावकाश जात होता. मामाचे चित्र मात्र गावात घरोघर फिरत होते. कुणाच्या घरी बाळंतीण हसली, कुणाच्या घरी रुसलेली सून जेवली, अशा बातम्या पाणवठ्यावरून मायकडे येत.

फिरत फिरत ते चित्र आमच्याच घरी आले. मायने ते पडवीत भिंतीला टेकवून ठेवले आणि भाकरी थापू लागली. आपल्या सख्ख्या भावाचे ते चित्र तिने एकदाच पाहिले, ओठ दाबले आणि तव्यावरची भाकर उलटली. मी उंबऱ्याआड बसलो होतो. वासावर बा आला. चित्र दिसताच थबकला. मला वाटले, आता हेही चुलीत जाणार. तो खाली बसला. पडवीत बसताना मी त्याला पुष्कळ दिवसांनी पाहत होतो. त्याने चित्र हातात घेऊन उजेडाकडे धरले, आणि माय एकामागून एक भाकर उतरवीत गेली तोवर तो पाहतच राहिला. त्याच्या खांद्यांना एक हिसका बसला, मग दुसरा. तो रडतो आहे असे वाटून मी पुढे झालो. तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मला पाहिल्याबरोबर त्याने तोंड पुसले आणि चित्र खाली ठेवले.

"नाक बराबर जमलं," तो म्हणाला.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडाशी नेला आणि मध्येच थांबला. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो, त्याच्या जबड्याकडे, पांढऱ्या होत चाललेल्या खुंटांकडे. ते त्याच्या ध्यानात आले असावे. त्याने अंगावरचा शेला कपाळापर्यंत ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"माह्यं नको काढू," बा म्हणाला.